इंग्रजी व्याकरणाची सुरुवात: नागपूरकर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

संध्याकाळच्या बॅचला येणारी मंडळी वर्गात गप्प बसतात आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवतात. इतक्या वर्षांत लक्षात आलं की माणसं बदलतात, पण प्रश्न तेच राहतात. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, वाकडे नंतर. एकाच गोष्टीचा संबंध दोन ठिकाणी आला तर दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. सुरुवातीला स्पेलिंगच्या भीतीने कान बंद होतात. शिवाय काही नियम (प्रश्न ८) अक्षरांवर नसून उच्चारांवरच चालतात.

१. मॅडम, सुरुवात कुठून करू? आधी टेन्स पाठ करू की शब्द?

दोन्ही नको. आधी वाक्यातल्या जागा शिका.

“मांजराने उंदराला मारलं” हे वाक्य उलटून “उंदराला मांजराने मारलं” म्हणा, मेला उंदीरच. “मारलं मांजराने उंदराला” म्हटलं तरी उंदीर वाचत नाही. कारण कोणी मारलं हे “ने” सांगतो आणि कोणाला मारलं हे “ला” सांगतो. प्रत्यय शब्दाला चिकटलेला असल्यामुळे शब्द कुठेही गेला तरी त्याची ओळख सोबत जाते.

इंग्रजीत हे प्रत्यय नाहीत, तिथे ओळख जागेवरून ठरते. “द कॅट किल्ड द रॅट” मध्ये मारणारा पहिला, मारणं मधे, मरणारा शेवटी. जागा बदलून “द रॅट किल्ड द कॅट” केलं की उंदराने मांजर मारली.

म्हणजे मराठीत शेवटी येणारं क्रियापद इंग्रजीत कर्त्याच्या लगेच मागे येतं. “मी रोज सकाळी बर्डीवर (म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात) पोहे खातो” यातला “खातो” उचलून “मी”च्या शेजारी ठेवा, मग पोहे, मग जागा, मग वेळ: “आय ईट पोहे ॲट बर्डी एव्हरी मॉर्निंग.” पहिले पंधरा दिवस एवढंच करा. घरातली, ऑफिसमधली, भांडणातली मराठी वाक्यं घ्या आणि क्रियापद शेवटून उचलून कर्त्यानंतरच्या जागी आणा. शब्द मराठीच ठेवले तरी चालेल: “मी खातो पोहे.” हसू येईल, पण सवय लागेल.

२. माझं वय ४३ आहे. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं. आता जमेल का?

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेली जवळजवळ सगळी पिढी पाचवीवालीच आहे, तुम्ही एकटे नाही. माझ्या अनुभवात या वयाची माणसं उच्चारात थोडी अडखळतात, पण व्याकरण तरुणांपेक्षा लवकर पकडतात, कारण त्यांचं मराठी पक्कं असतं. पुढची जवळपास सगळी उत्तरं मराठीवरूनच समजावली आहेत.

३. ॲम, इज, आर म्हणजे “आहे”. एवढंच ना?

नाही. पहिला मोठा घोळ इथेच होतो. आपला “आहे” तीन कामं करतो आणि इंग्रजीत त्या तीन कामांना तीन वेगळे गडी लागतात.

एक काम ओळख किंवा अवस्था सांगण्याचं. “मी शिक्षिका आहे”, “तो आजारी आहे.” इथे ॲम, इज, आर: “आय ॲम अ टीचर”, “ही इज इल.”

दुसरं काम मालकीचं किंवा नात्याचं. “मला दोन भाऊ आहेत”, “माझ्याकडे स्कूटर आहे”, “मला ताप आहे.” इथे हॅव किंवा हॅज: “आय हॅव टू ब्रदर्स”, “आय हॅव अ स्कूटर”, “आय हॅव अ फीवर.” “आय ॲम फीवर” म्हणजे मी स्वतःच ताप आहे. घरचे लोक मानतीलही, पण डॉक्टर मानणार नाहीत.

तिसरं काम कुठेतरी काहीतरी असण्याचं. “फ्रीजमध्ये दूध आहे.” इथे देअर इज, देअर आर: “देअर इज मिल्क इन द फ्रीज.”

ओळखायचं कसं? मराठी वाक्याची सुरुवात पाहा. “मी, तो, ती” ने सुरुवात असेल तर बहुधा पहिलं काम. “मला, माझ्याकडे, त्याला” असेल तर बहुधा दुसरं. जागेपासून सुरुवात असेल तर तिसरं.

अपवादही आहेत. “मला भूक लागली”, “मला थंडी वाजते”, “मला भीती वाटते” यांत “मला” आहे, पण इंग्रजीत “आय ॲम हंग्री, आय ॲम कोल्ड, आय ॲम स्केअर्ड.” हे आठ-दहा प्रयोग वेगळे पाठ करावे लागतात.

अजून एक. मराठीत “तो डॉक्टर, बायको वकील” एवढ्यावर वाक्य पुरं होतं. इंग्रजीत “ही डॉक्टर” चालत नाही, “इज” हवाच.

४. “इट इज रेनिंग” मधला “इट” कोण?

कोणीच नाही. ती रिकामी खुर्ची आहे.

मे महिन्यात आपण म्हणतो, “लय उकडून राहिलं.” कोण उकडून राहिलं? मराठीला फरक पडत नाही, कर्त्याशिवाय वाक्य उभं राहतं. इंग्रजीला मात्र क्रियापदाच्या आधीची जागा भरलेली लागते (प्रश्न १). भरायला कोणी नसेल तर “इट” आणून बसवतात: “इट इज व्हेरी हॉट”, “इट इज लेट”, “इट इज फाइव्ह ओ’क्लॉक.” आधीच्या उत्तरातला “देअर” हाही असाच जागा धरणारा.

५. “ही गो” का नाही? आणि एस तर अनेकवचनाला लागतो, मग एकट्या माणसाला कसा?

ते दोन वेगळे एस आहेत. नामाला लागतो तो अनेकवचनाचा: बॉय, बॉईज. क्रियापदाला लागतो तो “ही, शी, इट” किंवा कोणत्याही एकाच तिसऱ्या व्यक्तीचा: “ही गोज”, “माय सिस्टर गोज”, “द बस गोज.” त्यामुळे बहुतेक वेळा एस दोघांपैकी एकाकडेच असतो: “द बॉय रन्स”, “द बॉईज रन.”

कटकट वाटते, पण मराठीत आपण जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात इतकी रूपं न चुकता वापरतो. इंग्रजीत वर्तमानकाळात उरलंय ते एवढं एकच.

प्रश्न किंवा नकार करताना डज येतो आणि बऱ्याच जणांची गाडी तिथे घसरते. हा एस म्हणजे हेल्मेट, आणि घरात ते एकच आहे असं समजा. जो पुढे बसेल त्याने घालायचं. “ही गोज” मध्ये गो पुढे आहे, हेल्मेट त्याच्या डोक्यावर. डज पुढे आला की हेल्मेट त्याने घेतलं, गो रिकाम्या डोक्याने मागे बसला: “डज ही गो?”, “ही डज नॉट गो.” “डज ही गोज” म्हणजे एकाच घरातून दोन हेल्मेट निघाली.

भूतकाळातही तेच. “ही वेंट”, पण “डिड ही गो?” आणि “ही डिड नॉट गो.” “डिडन्ट वेंट” ही आपल्या शहरात सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक असावी. मुलाखतीत ती पटकन खटकते.

कॅन, विल, मस्ट, शुड यांना हेल्मेट कधीच लागत नाही: “ही कॅन ड्राइव्ह.” “कॅन्स” नाही आणि “कॅन ड्राइव्ह्स” पण नाही.

६. आपण “करून राहिलो” म्हणतो, त्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

हा माझा आवडता प्रश्न. इथे नागपूरकराला जन्मजात सवलत आहे.

पुण्यात गेलं की “काय करून राहिला” वरून आपली थट्टा होते. पण इंग्रजीच्या वर्गात हेच रूप कामी येतं. “मी जेवतो” म्हणजे रोजची सवय: “आय ईट.” “मी जेवून राहिलो” म्हणजे आत्ता, ताटावर: “आय ॲम ईटिंग.” पुण्या-मुंबईचा “जेवतोय” पण हेच सांगतो, मात्र त्यात “जेवतो” आणि “आहे” एकमेकांत मिसळून गेलेत. आपल्याकडे दोन तुकडे वेगवेगळे दिसतात: “जेवून” आणि “राहिलो”. इंग्रजीतही दोनच तुकडे आहेत, “ईटिंग” आणि “ॲम”. फक्त क्रम उलटा.

त्यामुळे “आय ईटिंग” का चूक हे नागपूरकराला एका वाक्यात सांगता येतं. ते “मी जेवून” असं झालं. जेवून काय? पुढचं कुठं गेलं? आणि “आय ॲम ईट” म्हणजे “मी राहिलो जेव.” दोन्ही तुकडे पाहिजेत.

पुढचे काळही असेच सुटतात. “मी जेवून राहिलो होतो” म्हणजे “आय वॉज ईटिंग.” लाइट गेली तेव्हा मी जेवून राहिलो होतो: “आय वॉज ईटिंग व्हेन द लाइट्स वेंट आउट.”

कसोटी सोपी आहे. वाक्यात “राहिलो, राहिली, राहिले” बसवून पाहा. बसलं तर क्रियापदाला “इंग” (“ईटिंग” मधला). नाही बसलं, म्हणजे “मी बँकेत नोकरी करतो”, “सूर्य पूर्वेला उगवतो” असं काही असेल, तर साधं क्रियापद. ही कसोटी एका ठिकाणी मात्र दगा देते, ते पुढच्या प्रश्नात.

७. “आय ॲम नोइंग हिम”, “आय ॲम हॅविंग अ डाउट” हे चूक का? सगळेच तर बोलतात.

आपण “मला समजून राहिलं”, “मले दिसून राहिलं” असंही म्हणतो. इंग्रजी इथे “राहिलं” मानत नाही. ज्या क्रिया करायला काहीच करावं लागत नाही, त्या नुसत्या असतात. ओळखणं, आवडणं, हवं असणं, मालकीचं असणं, विश्वास असणं यांना इंग लावत नाहीत. “आय नो हिम”, “आय वॉन्ट टी”, “धिस बिलाँग्ज टु मी.”

वाकडी गोष्ट अशी की एकच शब्द दोन्हीकडे असू शकतो. “आय हॅव अ कार” यात गाडी नुसती आहे, म्हणून इंग नाही. “आय ॲम हॅविंग लंच” यात हॅव म्हणजे जेवणं, ते करून राहिलो, म्हणून इंग आहे. “आय थिंक ही इज राइट” म्हणजे माझं मत. “आय ॲम थिंकिंग” म्हणजे आत्ता डोकं चालू आहे.

बर्गरच्या जाहिरातीत “लव्हिंग” असतं, मग ते कसं चालतं, हे दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. जाहिरातवाल्यांना लक्ष वेधायचं असतं. मुलाखतीत तुम्हाला मुद्दा पोचवायचा असतो.

आणि डाउट. आपली “शंका” म्हणजे साधा प्रश्न. इंग्रज माणसाला मात्र “डाउट” म्हटलं की तुमचा त्याच्यावर विश्वास नाही असं वाटू शकतं. “आय हॅव अ क्वेश्चन” म्हणा.

८. अ, ॲन, द मराठीत नाहीत. न लावता चालत नाही का?

मराठीत शब्द नाहीत, पण कल्पना आहे. गोष्ट सांगताना आपण काय म्हणतो? “काल एक माणूस आला होता. त्या माणसाने पत्ता विचारला.” पहिल्यांदा आला तेव्हा ऐकणाऱ्याला तो माहीत नव्हता, म्हणून “एक”. दुसऱ्यांदा माहीत झाला, म्हणून “त्या”. इंग्रजीत हेच “अ मॅन” आणि “द मॅन”. फरक एवढाच की मराठीत “एक” गाळला तरी चालतं, इंग्रजीत वस्तू मोजता येण्यासारखी आणि एकच असेल तर “अ” गाळता येत नाही.

प्रत्येक नामाआधी स्वतःला विचारा: ऐकणाऱ्याला कोणता ते कळतंय का? कळत असेल तर द. “बंद कर ना पंखा” यात कोणता पंखा ते दोघांनाही माहीत आहे: “स्विच ऑफ द फॅन.” कळत नसेल तर अ. आणि सगळ्याच जातीबद्दल बोलत असाल तर काहीच नाही: “आय लाइक ऑरेंजेस.” “आय लाइक द ऑरेंजेस” म्हटलं तर समोरचा विचारेल, कोणती? या टोपलीतली?

अ की ॲन हे उच्चारावर ठरतं. पुढचा उच्चार स्वराचा असेल तर ॲन. “अवर” मधला एच बोलत नाहीत, म्हणून “ॲन अवर.” “युनिव्हर्सिटी”ची सुरुवात “य” ने होते, म्हणून “अ युनिव्हर्सिटी.” हिवाळी अधिवेशनात शहरभर दिसणारा “ॲन एमएलए” असतो, कारण उच्चार “ए”पासून सुरू होतो, पण त्याच्या गाडीमागे धावणारा “अ मेंबर ऑफ द पार्टी” असतो.

ॲनची गंमत ऑरेंजवरून सांगते. हा शब्द आपल्या “नारंग”चाच दूरचा नातेवाईक. फारसी, अरबी करत युरोपात पोचला आणि तिकडे इंग्लंडला जाण्याआधीच त्याचा सुरुवातीचा “न” गळाला. खुद्द इंग्रजीतही असं घडलं आहे. स्वयंपाकात घालतात तो एप्रन पूर्वी “अ नेप्रन” होता. बोलता बोलता “न” पुढच्या शब्दाकडून मागच्याकडे सरकला आणि “ॲन एप्रन” झाला.

९. जागांच्या नावांना द लावायचा का? “द नागपूर” म्हणतात का?

शहराला नाही. तलाव आणि रस्त्यालाही नाही: “फुटाळा लेक”, “वर्धा रोड.” नदीला लागतो: “द नाग रिव्हर.” संग्रहालयाला लागतो: अजब बंगला म्हणजे “द सेंट्रल म्युझियम.” यामागे पक्कं तर्कशास्त्र शोधू नका, मी शोधून थकले.

पण एक फरक कामाचा आहे. मुलगी “गोज टु स्कूल”, म्हणजे शिकायला. तिचे बाबा पालकसभेला जातात तेव्हा “गो टु द स्कूल”, म्हणजे त्या इमारतीत. शिकायला, प्रार्थनेला, शिक्षा भोगायला अशा मूळ कामासाठी गेलं तर द नाही. “ही इज इन जेल” आणि “हिज लॉयर वेंट टु द जेल” यातला फरक वकिलाला विचारा.

१०. इन, ऑन, ॲट कधीच लक्षात राहत नाही. काही युक्ती?

मराठीत हे काम शब्दाच्या मागे होतं: नागपुरात, रस्त्यावर, चौकात. इंग्रजीत तेच पुढे येतं. “टेबलावर” उलटलं की “ऑन द टेबल.” इथपर्यंत सोपं.

जागेसाठी असं पाहा. मोठ्या भागाच्या आत असेल तर इन: “इन नागपूर”, “इन महाल” (ही नागपुरातली वस्ती). रेघेवर किंवा पृष्ठभागावर असेल तर ऑन: “ऑन वर्धा रोड.” नकाशावर बोट ठेवता येईल असा ठिपका असेल तर ॲट: “ॲट झिरो माइल”, “ॲट द बस स्टॉप.” वेळेतही तसंच, मोठ्याकडून लहानाकडे. वर्ष आणि महिन्याला इन, दिवसाला ऑन, घड्याळाला ॲट. एकाच वाक्यात पाहायचं तर: “डॉ. आंबेडकर एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन नागपूर ऑन द फोर्टीन्थ ऑफ ऑक्टोबर, १९५६.” नुसतं वर्ष असतं तर “इन १९५६” झालं असतं.

आता सापळा. आपण “बर्डीवर गेलो होतो” म्हणतो, म्हणून मुलं “ऑन बर्डी” लिहितात. ते ऐकून समोरच्याला वाटेल तुम्ही टेकडीवरच्या किल्ल्यावर चढला होता. मराठीतला प्रत्येक “वर” म्हणजे ऑन नव्हे.

वाहनांचा नियम मला आवडतो. ज्यात उभं राहून चार पावलं चालता येतं तिथे ऑन: “ऑन द बस, ऑन द मेट्रो, ऑन द ट्रेन.” ज्यात वाकून बसावं लागतं तिथे इन: “इन द कार, इन द ऑटो.” ज्यावर टांग टाकावी लागते तिथे परत ऑन: “ऑन द स्कूटर.”

अपवाद: “इन द मॉर्निंग, इन द ईव्हनिंग”, पण रात्रीला “ॲट नाइट.” “लास्ट संडे”, “नेक्स्ट मंथ” यांच्या आधी काहीच नाही.

११. “मी आलो आहे” म्हणजे “आय हॅव कम.” मग “काल आलो आहे” ला “आय हॅव कम येस्टरडे” का नाही?

कारण हॅवचं सगळं लक्ष आत्तावर असतं. “आय हॅव लॉस्ट माय की” म्हणजे चावी हरवली आणि मी आत्ता दाराबाहेर उभी आहे. कधी हरवली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. “काल, २०१९ मध्ये, दहावीत असताना” असा संपलेला वेळ सांगितला की हॅवची सुटी: “आय लॉस्ट माय की येस्टरडे.” प्रश्न १० मधल्या वाक्यात “हॅज एम्ब्रेस्ड” का नाही, तेही यामुळेच. तारीख दिली आहे.

याच घरातली दुसरी चूक: “आय ॲम लिव्हिंग इन नागपूर सिन्स टेन इयर्स.” एका वाक्यात दोन गोष्टी बिघडल्यात. मराठीत “मी दहा वर्षांपासून नागपुरात राहतो” असं वर्तमानकाळात म्हणता येतं. इंग्रजीत तेव्हापासून आत्तापर्यंतचा पूल हॅवने बांधतात: “आय हॅव लिव्हड इन नागपूर फॉर टेन इयर्स.” आणि आपला “पासून” दोन्हीकडे चालतो, पण तिकडे सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स आणि मुदत असेल तर फॉर. “सिन्स २०१५”, “सिन्स दिवाळी”, पण “फॉर टेन इयर्स”, “फॉर टू अवर्स.”

१२. साहेबांना पण “यू” आणि चपराशाला पण “यू”? मग मान कसा द्यायचा?

सर्वनामात मान नाही. एके काळी इंग्रजीत एकट्या जवळच्या माणसाला “दाउ” होता, आपल्या “तू”सारखा. तो बोलण्यातून गेला आणि “तुम्ही”वाला “यू” सगळ्यांसाठी उरला. म्हणूनच एका माणसालाही “यू आर” म्हणतात, “यू इज” नाही.

उलटी चूकही होते. “बाबा आले आहेत” मधला आदरार्थी “आहेत” डोक्यात ठेवून लोक “माय फादर हॅव कम” म्हणतात. बाबा कितीही मोठे असले तरी इंग्रजीत एकच: “माय फादर हॅज कम”, “ही इज इन द हॉल.”

मान तिकडे क्रियापदाच्या आधीच्या शब्दांतून देतात. “पाणी द्या” मधला “द्या” आपल्याला पुरेसा सभ्य वाटतो, पण “गिव्ह मी वॉटर” हा तिकडे हुकूम होतो. “कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?” म्हणा. आपल्या मुलांना परदेशी ग्राहक उर्मट समजतात त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

“आपण” आणि “आम्ही” या दोघांना “वी”. “आपण सिनेमाला जाऊ” की “आम्ही जातो, तू बस घरी” हे संदर्भावरून कळून घ्यायचं.

१३. खुर्चीला “शी” आणि पंख्याला “ही” म्हणायचं का?

नाही, दोघांना “इट”. मराठीत लिंग शब्दाला असतं, इंग्रजीत जिवंत माणसाला. पाळलेल्या कुत्र्याला मालक “ही” किंवा “शी” म्हणतो, गल्लीतल्याला “इट”. कोण आहे हेच माहीत नसेल तर एका माणसालाही “दे, देअर” चालतं: “समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला.” हे चुकीचं वाटतं, पण चुकीचं नाही.

१४. “यू हॅव नॉट ईटन?” याला “येस” म्हणायचं की “नो”?

मराठीत समोरच्याच्या वाक्याला दुजोरा देतात. “जेवला नाही का?” “हो, नाही जेवलो.” इंग्रजीत समोरच्याचं वाक्य विसरायचं आणि स्वतःच्या परिस्थितीकडे पाहायचं. जेवला असाल तर “येस, आय हॅव.” नसाल तर “नो, आय हॅवन्ट.” प्रश्न कसाही विचारलेला असो. “यू डोन्ट हॅव एनी एक्स्पीरियन्स?” याला नुसतं “येस” म्हणून बसलात तर समोरचा तुमच्या अनुभवाबद्दल पुढचा प्रश्न विचारेल, आणि मग पंचाईत.

१५. वाक्याच्या शेवटी “इजन्ट इट” लावलं की झालं ना?

आपला “ना?” सगळीकडे चालतो, “इजन्ट इट” चालत नाही. “यू आर कमिंग, आरन्ट यू?”, “ही गोज देअर, डझन्ट ही?” असं वाक्यातलंच क्रियापद शेवटी उलटून येतं. डज, डिड कसे येतात ते प्रश्न ५ मध्ये आहे. जमत नसेल तर बोलताना “राइट?” लावून मोकळे व्हा.

१६. इन्फर्मेशन्स, लगेजेस, हेअर्स यात चूक काय?

मराठीत आपण “दोन सामानं आणली” म्हणतो का? सामान सामानच असतं, मोजायचं तर दोन नग किंवा दोन बॅगा. लगेज तसंच: “टू पीसेस ऑफ लगेज.” इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, होमवर्क, ट्रॅफिक हे सगळे याच जातीचे. एस नाही आणि “ॲन ॲडव्हाइस”ही नाही.

डोक्यावरचे केस मराठीत अनेकवचनी, तिकडे एकवचनी: “हर हेअर इज लाँग.” वरणात एखादा सापडला तर मात्र “अ हेअर”, तो मोजता येतो. न्यूजला एस दिसतो, पण ती एकवचनीच: “द न्यूज इज गुड.” उलट, “वन ऑफ माय फ्रेंड” म्हणू नका. अनेक मित्रांतला एक, म्हणून “वन ऑफ माय फ्रेंड्स.”

१७. “गरम गरम पोहे” इंग्रजीत कसे?

“हॉट पोहे.” किंवा “पायपिंग हॉट.” “हॉट हॉट” नाही. इंग्रजी अशी द्विरुक्ती करत नाही: हळूहळू म्हणजे “स्लोली”, घरोघरी म्हणजे “इन एव्हरी हाउस.” तर्रीला काय म्हणायचं? तर्रीच म्हणायचं.

“चहाबिहा घेणार का?” याचं भाषांतर एकाने “टी-बी?” असं केलं होतं. हा आजार पाहुण्याला विचारू नये. “टी ऑर समथिंग?” म्हणा.

१८. डिस्कस अबाउट, रिटर्न बॅक, कझिन ब्रदर, प्रीपोन. यातलं काय चालतं?

डिस्कसमध्ये “बद्दल” आणि रिटर्नमध्ये “परत” आधीच आहे, म्हणून पुढचा शब्द काढा. “कझिन” पुरे. भाऊ की बहीण हे सांगायची तिकडे घाई नसते. “गुड नेम” हे आपलं शुभनाम, इंग्रजाला कळणार नाही, पण भारतात कोणी अडवणार नाही. प्रीपोन भारतात रुळला आणि आता मोठ्या इंग्रजी शब्दकोशांतही आहे, तो बिनधास्त वापरा. भारतीय म्हणून सगळंच चूक असं मी मानत नाही. समोर भारतीय असेल तर भारतीय इंग्रजी, परीक्षा असेल तर पुस्तकी.

१९. टेन्स बारा आहेत ना? मग तुम्ही शिकवत का नाही?

शाळेच्या तक्त्यात बारा आहेत आणि परीक्षेसाठी ते यावेत. पण क्रियापदाचं रूप पाहिलं तर इंग्रजीत दोनच काळ आहेत, गो आणि वेंट. भविष्यासाठी क्रियापद बदलतच नाही, पुढे विल येऊन बसतो. रोजच्या कामाला पाच रूपं पुरतात: “आय गो”, “आय ॲम गोइंग”, “आय वेंट”, “आय हॅव गॉन”, “आय विल गो.” बाराव्या घरातलं “आय विल हॅव बीन गोइंग” मी मुद्दाम उदाहरण म्हणून सोडलं तर आयुष्यात कधी बोलले नाही.

२०. निघताना “येतो” म्हणायचं असेल तर?

“जातो” म्हणणं आपल्याकडे अशुभ, म्हणून दारातून बाहेर पडतानाही आपण “येतो”च म्हणतो. इंग्रजीत कम म्हणजे बोलणाऱ्याकडे किंवा ऐकणाऱ्याकडे सरकणं, त्यामुळे निघताना “आय शुड गो नाउ” किंवा “आय ॲम लीव्हिंग” म्हणावं लागतं. आत शिरण्यापूर्वी “मे आय कम इन?” आणि निघताना “मे आय गो?”

आमच्या बॅचचा एक मुलगा मुलाखत चांगली देऊन उठला, हात जोडले आणि म्हणाला, “ओके सर, आय कम.” समोरचे साहेब म्हणाले, “यू आर ऑलरेडी हिअर.” तो परत खुर्चीवर बसला.